नळदुर्ग, परंडा आणि शेजाऱ्यांचे तह

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ घरांची कुलदेवता तुळजापूरची भवानी आहे. घरात लग्नमुंज झाली, नवी सून आली की कुलधर्मासाठी तुळजापुरास जाण्याची चाल अजूनही मोडलेली नाही. परंतु देवीचे दर्शन झाले, ओटी भरली, प्रसाद बांधून घेतला म्हणजे बहुतेक मंडळी आल्या वाटेने परत फिरतात. तुळजापूरच्या आग्नेयेस नळदुर्ग, वायव्येस परंडा आणि उत्तरेस तेर ही तीन स्थळे त्याच धाराशिव जिल्ह्यात आहेत, हे ठाऊक असूनही तिकडे वाट वाकडी करणारे थोडेच. आम्ही यंदा भाद्रपदात ती वाट वाकडी केली. तीन दिवसांच्या त्या प्रवासात जे पाहिले व जे मनात आले, ते येथे सांगावयाचे आहे.

आजकाल वर्तमानपत्र उघडले की निरनिराळ्या राष्ट्रगटांची नावे दिसतात. कोठे युरोपीय संघ, कोठे आसियान, कोठे आफ्रिकेतील राष्ट्रांचा संघ, तर कोठे आपला सार्क. शेजारची राष्ट्रे एकत्र आली तर जगात शांतता नांदेल काय, हा प्रश्न घरोघरी चहाच्या वेळी चर्चिला जातो. या प्रश्नाचा अभ्यास करावयास ब्रुसेल्स किंवा जाकार्ता गाठले पाहिजे असे मुळीच नाही. सोलापुरापासून पन्नास किलोमीटरांच्या आत त्याचा एक जुना, दगडात बांधलेला धडा उभा आहे.

प्रथम या मुलखाची ठेवण पाहावी. बालाघाटाची रांग या जिल्ह्यातून जाते. तिच्या माथ्यावर तुळजापूर, आणि खाली भीमेच्या खोऱ्याकडे उतरणारी सपाटी. बहमनी राज्य मोडून त्याची पाच शकले झाली, तेव्हा वायव्येस अहमदनगरची निजामशाही, दक्षिणेस विजापूरची आदिलशाही, पूर्वेस बीदरची बरीदशाही व त्यापलीकडे गोवळकोंड्याची कुतुबशाही अशा चार सत्तांच्या मध्ये हा मुलूख सापडला. नळदुर्ग विजापूरचा, परंडा अहमदनगरचा, आणि दोहोंच्या मध्ये ज्यावर उभयतांचा डोळा ते सोलापूर. चार भावांच्या शेतांच्या बांधावर जी विहीर असते तिची जी गत होते, तीच या प्रदेशाची झाली. पाणी सर्वांस हवे, आणि भांडण मात्र कधी मिटावयाचे नाही.

ही भावांची उपमा आम्ही सहज दिलेली नाही. फेरिश्ता हा त्या काळचा बखरकार विजापूरच्या दरबारी होता. त्याच्या इतिहासातून असे दिसते की, परंडा ख्वाजा जहान नावाच्या सरदाराकडे व सोलापूर त्याचा भाऊ झैनखान याजकडे होते, आणि दोघांत मिळून असलेले अकरा परगणे त्यांनी साडेपाच-साडेपाच असे वाटून घेतले होते. पुढे झैनखानाचे साडेपाच परगणे विजापूरकडे गेले, आणि अहमदनगर त्यांवर आपला हक्क सांगत राहिले. दोन भावांची ही वाटणी. तिचा निकाल नीट न लागल्यामुळे दोन राज्ये शंभर वर्षे एकमेकांशी झगडली. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस याचे नवल वाटू नये. बांधावरील एका आंब्यापायी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी घरे आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत.

नळदुर्गचा किल्ला आज सोलापूर-हैदराबाद महामार्गालगत आहे. बाहेरून पाहताना त्याच्या विस्ताराची कल्पना येत नाही. आत शिरल्यावर मात्र शंभराहून अधिक बुरुजांचा तो काळा तट नजरेत मावेनासा होतो. किल्ल्याला वळसा घालून बोरी नदी वाहते. पलीकडच्या टेकडीवर रणमंडळ नावाचा दुसरा लहान किल्ला आहे, आणि या दोन किल्ल्यांस जोडणारा दगडी बंधारा नदीवर घातलेला आहे. इ. स. १६१३ मध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत या बंधाऱ्याच्या पोटात एक महाल बांधला गेला. तोच प्रसिद्ध पाणीमहाल. पाऊस चांगला झाला की बंधाऱ्यावरून पाण्याचे दोन लोट खाली कोसळतात. लोक त्यांना नर-मादी म्हणतात. पायऱ्या उतरून महालात जावे, झरोक्याशी उभे राहावे, तो समोरून पाण्याचा पडदा गर्जत खाली जातो आणि महाल मात्र कोरडा राहतो. आम्ही गेलो तेव्हा नदीला बेताचे पाणी होते, आणि एकच लोट सुरू होता. तरीही तो पाहून आमच्याबरोबरची मुले तासभर तेथून हलेनात. उपल्या बुरुजावर चढून पाहिले म्हणजे भोवतालचा मुलूख तळहातासारखा दिसतो. शत्रू कोणत्या दिशेने येईल याची चिंता ज्यांना रात्रंदिवस असे, त्यांनीच एवढा उंच बुरूज बांधावा हे उघड आहे.

आता या बुरुजावर उभे राहून सोलापूरच्या दिशेने पाहावे आणि मागील इतिहास आठवावा. इ. स. १५२४ मध्ये अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा व विजापूरचा इस्माईल आदिलशहा यांची सोलापुरास भेट झाली, आणि आदिलशहाची बहीण बीबी मरियम निजामशहास देण्यात आली. दोन घराण्यांचे वैर या सोयरिकीने मिटावे असा हेतू होता. सोलापूरचा किल्ला व ते साडेपाच परगणे मुलीबरोबर आंदण द्यावयाचे ठरले होते असे अहमदनगरचे म्हणणे. विजापूरने ते दिले नाहीत. लग्नाचा मांडव उतरतो न उतरतो तोच युद्ध जुंपले. हुंड्याच्या वायद्यावर उभारलेली सोयरीक कशी मोडते हे आपल्या समाजास नव्याने सांगावयास नको. येथे हुंड्यात किल्ला होता, आणि रुसून बसणाऱ्यांच्या हाती फौजा होत्या, एवढाच फरक.

पुढील चाळीस वर्षे हे सुलतान एकमेकांविरुद्ध लढताना विजयनगरच्या रामरायाची मदत घेत. आज एक त्याच्या बाजूने, उद्या दुसरा. खुद्द अली आदिलशहाने रामरायास बरोबर घेऊन अहमदनगरवर स्वारी केली होती. या मदतीचे मोल प्रत्येक वेळी वाढत गेले, तेव्हा सुलतानांस उमगले की आपल्या भांडणांवर तिसऱ्याचे राज्य मोठे होत आहे. मग इ. स. १५६४ च्या सुमारास गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशहाच्या मध्यस्थीने एक संघ जमला. हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी अली आदिलशहास दिली, आणि चाळीस वर्षे ज्यासाठी रक्त सांडले ते सोलापूर या वेळी उलट दिशेने, मुलीबरोबर विजापुरास आंदण गेले. अलीची बहीण हदिया सुलतान हुसेनच्या मुलास, मुर्तुजास, देण्यात आली. बीदरचा अली बरीदही संघात आला. वऱ्हाडचा इमादशहा मात्र दूर राहिला. दि. २३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णेच्या दक्षिणेस राक्षसतागडीच्या रणावर, ज्यास आपण तालिकोटची लढाई म्हणतो, या संघाने रामरायाचा पराभव केला. रामराया मारला गेला आणि विजयनगरसारखे नगर लुटून उद्ध्वस्त करण्यात आले.

आता खरा प्रश्न येतो. ज्या संघाने एवढा पराक्रम केला, त्याने दख्खनेत शांतता आणली काय? संघाचा हेतूच शत्रूचा नाश हा होता; शत्रू नाहीसा झाल्यावर संघाला काम उरले नाही. दोन-चार वर्षांतच विजापूरचा सेनापती किश्वरखान निजामशाहीच्या हद्दीत घुसून धारूरचा किल्ला बांधू लागला, आणि मुर्तुजा निजामशहाच्या सैन्याशी लढताना तेथेच मारला गेला. इ. स. १५७० मध्ये पोर्तुगीज हा नवा समान शत्रू मिळताच दोघे पुन्हा एक झाले. विजापूरने गोव्यास व अहमदनगरने चौलास एकाच वेळी वेढा घातला. दोन्ही वेढे फसले, आणि दोघांनी पोर्तुगीजांशी निरनिराळा तह केला. शत्रू मिळाला की मैत्री, शत्रू गेला की वैर, असा हा क्रम होता.

या सर्व कहाणीत ज्या व्यक्तीकडे आमचे मन पुन्हा पुन्हा ओढले जाते ती चांदबीबी होय. तह करणारे पुरुष होते. त्या तहाचे ओझे आयुष्यभर वाहिले ते या मुलीने. माहेर अहमदनगर, सासर विजापूर. एकाने तिला तहाची खूण म्हणून पाठवले, दुसऱ्याने तशीच ती स्वीकारली. इ. स. १५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला, तेव्हा गादीवर आलेला पुतण्या इब्राहिम अवघा नऊ वर्षांचा होता, आणि त्याच्या वतीने कारभार पाहण्याचे काम चांदबीबीकडे आले. विजापूर दुबळे झाले असे दिसताच अहमदनगर व गोवळकोंडा यांच्या फौजांनी येऊन नळदुर्गास वेढा घातला. म्हणजे ज्या भावाच्या घरातून ती सोयरिकीसाठी आली होती, त्याच मुर्तुजाचे सैन्य बहिणीच्या दारात तोफा लावून उभे राहिले. नळदुर्ग त्या वेळी पडला नाही. परंतु १५६४ चा तह खऱ्या अर्थाने कोठे मोडला असे कोणी विचारले, तर आम्ही नळदुर्गच्या तटाकडे बोट दाखवू.

पुढे ती माहेरी परतली, आणि इ. स. १५९५-९६ मध्ये मोगल शाहजादा मुराद याने अहमदनगरास वेढा घातला असता तिने किल्ला लढवला. अखेर वऱ्हाड देऊन तिने तह केला. या संकटाच्या वेळी विजापूर, गोवळकोंडा व अहमदनगर पुन्हा एकदा एकत्र आले. परंतु १५९७ मध्ये गोदावरीच्या काठी झालेल्या लढाईत सुहेलखानाच्या हाताखालील या संयुक्त सैन्याचा मोगलांनी पराभव केला. इ. स. १६०० मध्ये, मोगलांशी बोलणे करण्याचा विचार तिने मांडला तेव्हा, चांदबीबीची तिच्याच माणसांनी हत्या केली, आणि थोड्याच दिवसांत अहमदनगर पडले. एकोणिसाव्या शतकात नळदुर्गास इंग्रज अधिकारी म्हणून राहिलेल्या मेडोज टेलर यांनी तिच्यावर कादंबरी लिहिली. शूर राणी म्हणून तिची कीर्ती सर्वत्र आहे. परंतु दोन घरांना जोडण्यासाठी दिलेली आणि त्या दोन्ही घरांनी एकटी पाडलेली लेक म्हणून तिच्याकडे पाहिले, तर हा इतिहास अधिक समजतो.

परंड्याचा किल्ला जिल्ह्याच्या पश्चिम टोकास सपाट जमिनीवर आहे. भोवती रुंद खंदक व दुहेरी तट आहेत. अहमदनगर गेल्यावर मलिक अंबराने दुसऱ्या मुर्तुजास गादीवर बसवून निजामशाहीची राजधानी काही काळ येथे ठेवली होती. आज विजापूरच्या शेर्झा बुरुजावर ठेवलेली मुलूखमैदान ही प्रचंड तोफ पूर्वी या परंड्यावर होती. अहमदनगर येथे १५४९ मध्ये महंमद बिन हसन रूमी नावाच्या कारागिराने ती ओतली. तिचे वजन सुमारे पंचावन्न टन भरते असे म्हणतात. इ. स. १६३२ मध्ये विजापूरकरांनी ती परंड्याहून ओढून नेली. एका शेजाऱ्याने ओतलेली तोफ दुसऱ्या शेजाऱ्याने पळवून आपल्या बुरुजावर मिरवावी, यात उभयतांच्या संबंधांचा सारा हिशेब आला. भातवडीच्या १६२४ च्या लढाईत तर आदिलशाही फौज मोगलांच्या बाजूने निजामशाहीविरुद्ध उभी होती, आणि त्यानंतर अंबराने सोलापूर परत घेतले. मोगल व विजापूर यांनी १६३६ मध्ये निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला, तेव्हा विजापूरला वाटले असेल की आपली सरशी झाली. पन्नास वर्षांनी, १६८६ मध्ये, विजापूर औरंगजेबाच्या हाती गेले आणि पुढच्याच वर्षी गोवळकोंडा. शेजाऱ्याचे घर पाडण्यास ज्याला मदत केली, तोच पुढे आपल्या दाराशी आला.

या दोन किल्ल्यांनंतर तेर गावी गेल्यावर मनाला विसावा मिळतो. तेरणा नदीच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर होय. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासवर्णनात पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे व तेथील कापड भडोचच्या बंदरास जात असल्याचे लिहिले आहे. तेर येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई शहराच्या अवशेषांत मिळालेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे, हे तज्ज्ञांनी दाखविले आहे. येथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आवर्जून पाहावे. ज्या मुलखात पुढे सोलापूर ते परंडा एवढ्या अंतरात पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या, त्याच मुलखातील माल एके काळी समुद्रापार जात होता. व्यापाराने माणसे देव होत नाहीत हे खरे. परंतु ज्या वाटेवर रोज बैल-गाडे चालतात, ती वाट तोडण्यापूर्वी राजाही दोनदा विचार करतो.

तेर हे संत गोरोबाकाकांचेही गाव. त्यांच्याविषयीची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. संतमंडळी त्यांच्या घरी जमली असता मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून ते कशासाठी असे विचारले. मडके कच्चे की पक्के हे पाहण्यासाठी, असे सांगून गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. बाकीचे स्वस्थ बसले. नामदेव मात्र रागावले, आणि ते मडके कच्चे ठरले. गोरोबांच्या समाधीपुढे बसलो असता आमच्या मनात आले की, राष्ट्रांच्या संघांसही असेच थापटणे मारून पाहिले पाहिजे. सभा, झेंडे व हस्तांदोलने यांवरून मडके पक्के आहे की नाही हे कळत नाही. आपसात वाद उद्भवला असता संघ काय करतो, त्यावरून ते कळते.

पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाचा अनुभव गाठीस असल्यामुळे संयुक्त राष्ट्रांची सनद १९४५ मध्ये लिहिणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार केलेला दिसतो. त्या सनदेचा आठवा अध्याय प्रादेशिक संघटनांसाठीच आहे. स्थानिक तंटा सुरक्षा समितीपुढे नेण्यापूर्वी तो शेजाऱ्यांच्या संघाने शांततेने मिटवण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले आहे. मात्र समितीच्या परवानगीवाचून संघाने बळाचा उपयोग करू नये, असा निर्बंधही घातला आहे. पंचायतीने आधी मिटवावे, न मिटल्यास वरच्या कोर्टात जावे, पण पंचायतीने स्वतःच लाठी उचलू नये, असा हा न्याय आहे.

हा जिल्हाही त्या जागतिक कोर्टाच्या दाराशी एकदा जाऊन आलेला आहे. तेव्हा उस्मानाबाद या नावाने तो हैदराबाद संस्थानात होता. निजाम सरकारने २१ ऑगस्ट १९४८ रोजी भारताविरुद्ध सुरक्षा समितीकडे तक्रार नोंदविली. दि. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या रस्त्याने संस्थानात शिरले, तेव्हा वाटेतले पहिले महत्त्वाचे ठाणे नळदुर्ग व तेथील बोरी नदीवरचा पूल हे होते. दि. १६ रोजी पॅरिस येथे समितीत या प्रश्नावर भाषणे झाली. भारताची बाजू सर रामस्वामी मुदलियार यांनी मांडली. दुसऱ्याच दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवली, आणि काही दिवसांत तक्रारही मागे घेतली. समितीची चर्चा संपण्यापूर्वी नळदुर्गच्या रस्त्यावर निकाल लागून गेला होता. रझाकारांच्या जुलमातून सुटलेल्या या जिल्ह्यातील लोकांस त्याचा आनंदच झाला, आणि १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. परंतु दूरच्या न्यायासनाची चाल किती मंद असते, हेही त्यावरून दिसते. म्हणूनच जवळच्या पंचायतीची गरज राहते.

अशा पंचायतींचे आजचे नमुने थापटणे मारून पाहू. फ्रान्स व जर्मनी यांच्यातील वैर निजामशाही व आदिलशाही यांच्या वैराहून सौम्य नव्हते. सत्तर वर्षांत त्यांनी तीन युद्धे केली. पण १९५१ मध्ये पॅरिस येथे सहा देशांनी जो करार केला, त्यात कोणी कोणास मुलगी दिली नाही की किल्ला दिला नाही. तोफा ज्या पोलादाच्या होतात ते पोलाद, आणि ज्या कोळशावर भट्ट्या पेटतात तो कोळसा, यांचा कारभार त्यांनी एका सामाईक मंडळाच्या हाती दिला, आणि वाद झाल्यास निकाल देणारे न्यायालयही नेमले. म्हणजे परंड्याची तोफ कोणाच्या बुरुजावर असावी याबद्दल भांडण्याऐवजी त्यांनी तोफेची भट्टीच दोघांची केली. या संघाच्या सभासद देशांनी त्यानंतर आपसात युद्ध केलेले नाही, आणि २०१२ मध्ये युरोपीय संघास शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि संघाच्या कुंपणाबाहेर त्याचा प्रभाव किती तोकडा आहे, हे १९९० नंतरच्या दशकात युगोस्लाव्हियाने व पुढे युक्रेनने दाखवून दिले.

आग्नेय आशियातील आसियान हा संघ १९६७ मध्ये बँकॉक येथे पाच देशांनी स्थापला. एकमेकांच्या घरात लक्ष घालू नये व सर्वांच्या संमतीवाचून काही करू नये, हा त्याचा स्वभाव. इंडोनेशियातील आचे प्रांतात २००५ मध्ये तह झाला, तेव्हा युरोपीय संघाबरोबर आसियानच्या काही देशांनी निरीक्षक पाठवून तो तह पार पाडला, ही त्याची जमेची बाजू. परंतु २०२५ मध्ये थायलंड व कंबोडिया या दोन सभासदांतच तोफा चालल्या. जुलैमध्ये मलेशियाच्या मध्यस्थीने झालेली शस्त्रसंधी वर्षाअखेर मोडली. पश्चिम आफ्रिकेतील देशांच्या संघाने गँबियात निवडणूक हरलेल्या अध्यक्षास जानेवारी २०१७ मध्ये मध्यस्थी व सैन्याचा धाक यांच्या जोरावर सत्ता सोडावयास लावली, आणि मोठा रक्तपात टळला. त्याच संघातून माली, नायजर व बुर्किना फासो हे तीन देश २०२५ मध्ये बाहेर पडले. मडके एका बाजूने पक्के वाजते व दुसऱ्या बाजूने कच्चे, असा हा प्रकार आहे.

राहता राहिला आपला सार्क. ढाका येथे ८ डिसेंबर १९८५ रोजी त्याची स्थापना झाली. त्याच्या सनदेत असे कलम आहे की, दोन देशांतील वादग्रस्त प्रश्न या मंडळात चर्चेस घ्यावयाचे नाहीत, आणि सर्व निर्णय एकमताने व्हावयाचे. हेतू चांगला होता. पंगतीत बसल्यावर वाटणीचा विषय काढू नये, म्हणजे निदान पंगत तरी निभावेल, असा तो विचार. परंतु आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत, की जेथे वाटणीचा विषय वर्षानुवर्षे कोणी काढला नाही, आणि अखेर पंगतच बंद पडली. काठमांडू येथे २०१४ मध्ये झालेली सार्कची अठरावी शिखर परिषद ही शेवटची ठरली. पुढची २०१६ मध्ये इस्लामाबादेत व्हावयाची होती. उरीच्या हल्ल्यानंतर ती झाली नाही, आणि त्यानंतर शिखर परिषद भरलेलीच नाही. येथे दोष संघाच्या कल्पनेत नाही. दहशतीला आश्रय देणाऱ्या शेजाऱ्याबरोबर पंगतीस बसणे कठीण असते, हे उघड आहे. परंतु ज्या मंडळाने कठीण प्रश्नास हात न लावण्याचे ठरविले, त्याच्याजवळ कठीण प्रसंगी उपयोगी पडेल असे काही उरत नाही, हेही तितकेच उघड आहे.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, शेजाऱ्यांचा संघ शांततेस उपयोगी पडावा यासाठी तीन गोष्टी लागतात. समान शत्रूहून अधिक टिकाऊ असे काही सामाईक हवे. पाणी, व्यापार, विद्या, जे रोज लागते ते. वाद झाल्यास तो कोठे व कसा सोडवावयाचा हे वाद होण्यापूर्वी ठरलेले हवे. आणि ज्यांच्या खांद्यावर तहाचे ओझे पडते, त्यांना दोन्ही घरांनी आपले म्हटले पाहिजे. १५६४ च्या संघापाशी यांपैकी एकही गोष्ट नव्हती. त्याच्यापाशी शूर सेनापती होते, तोफा होत्या, आणि तेवढ्यावर त्याने एक लढाई जिंकली व पुढची शंभर वर्षे गमावली.

नळदुर्ग व परंडा ओस पडले. विजापूर व अहमदनगर यांच्या सीमा नकाशावरून पुसल्या गेल्या. परंतु त्याच मुलखात एक जुना व्यवहार या सर्व राज्यांच्या काळातून टिकून राहिला आहे. तुळजाभवानीची पालखी अहमदनगरजवळील बुऱ्हाणनगराहून येते. सोलापूरचे, कर्नाटकाचे व तेलंगणाचे भाविक नवरात्रात व कोजागिरीस पायी चालत येतात. आणि विजयादशमीस देवी पालखीत बसून सीमोल्लंघन करते. पूर्वी सीमोल्लंघन म्हणजे शेजाऱ्याच्या मुलखावर चालून जाण्याचा मुहूर्त मानीत. निजामशाहीच्या राजधानीजवळच्या गावाहून विजापूरच्या सीमेकडील गावी यावयाचे ते मात्र देवीच्या सेवेसाठी, हा अर्थही त्याच शब्दात सामावला आहे. कुलधर्मास जाणाऱ्या आमच्या वाचकांनी पुढच्या खेपेस एक दिवस अधिक काढून नळदुर्गचा तो बंधारा अवश्य पाहावा. चार शतके पुराचे पाणी अंगावर घेऊनही तो उभा आहे. नदीच्या दोन तीरांस तो जोडतो, आणि त्याच्या पोटातला महाल अजून कोरडा आहे.